खडकीचा इक्बाल, शानहायग्वानचा लिऊ

आफ्रिकेतल्या एका देशात आमची इंजिनियर कंपनी, फौजेच्या भाषेत सॅपर, उतरली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. डोक्यावर शांतिसेनेची निळी टोपी. हुकूम स्पष्ट होता. लढायचं नाही, बांधायचं. रस्ते, मोऱ्या, पूल. यादवीत घरदार सोडून पळालेली माणसं एका मोठ्या छावणीत राहत होती. त्यांच्यापर्यंत पाणी आणि धान्य नेणारा रस्ता दर पावसात वाहून जायचा आणि तो आम्ही दर वेळी पुन्हा करायचो.

शेजारच्या कॅम्पमध्ये चिनी इंजिनियर कंपनी होती. पुण्यात हे सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. "चिनी? म्हणजे समोरासमोर?" समोरासमोर नाही हो, शेजारी-शेजारी. मध्ये एक काटेरी तार आणि तिच्यावर दोन्हीकडच्यांचे मोजे वाळत घातलेले. मी फौजेत चिनी भाषेचा कोर्स केला होता. म्हणून कंपनी कमांडरनी दोन्ही कॅम्पांमधल्या निरोपांचं काम माझ्याकडे दिलं.

त्यांच्याकडून हे काम सार्जंट लिऊ करायचा. चाळिशीचा, रुंद हाडाचा, कमी बोलणारा. माझं चिनी ऐकून त्याने पहिल्याच दिवशी दात दुखल्यासारखा चेहरा केला. "पुस्तकी आहे," म्हणाला. "सुधारू." सुधारायची त्याची पद्धत एकच होती. संध्याकाळी काम संपलं की तो काठीने लाल मातीत स्वतःचं गाव काढायचा आणि मला ते चिनीत सांगायला लावायचा.

गावाचं नाव शानहायग्वान. शान म्हणजे डोंगर, हाय म्हणजे समुद्र, ग्वान म्हणजे नाका. आता ते एका मोठ्या बंदराच्या शहराचा भाग आहे, आपली खडकी पुण्याचा आहे तसंच. बीजिंगच्या पूर्वेला. उत्तरेला डोंगरांची रांग, दक्षिणेला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. ईशान्येकडून चीनमध्ये उतरायचं तर वाट तिथूनच. म्हणून तिथे भिंत. चीनची ती जगप्रसिद्ध भिंत डोंगरावरून खाली उतरते, पट्टी ओलांडते आणि सरळ समुद्रात शिरते. त्या टोकाला ते ड्रॅगनचं डोकं म्हणतात. पूर्वेच्या दरवाजावर मोठ्या अक्षरांची पाटी आहे. आभाळाखालचा पहिला नाका.

या शिकवणीला तिसरा माणूस असायचा. नाईक इक्बाल मुलाणी. माझ्याच प्लाटूनचा, जन्माने खडकीचा. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, घर स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये. त्याला चिनी येत नव्हतं, पण चहा घेऊन यायचा आणि बसायचा. लिऊच्या वडिलांनी रेल्वे पुलांचे गर्डर बनवणाऱ्या कारखान्यात हयात घालवली होती. हे कळल्यावर दोघांचं जमलं. कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली दोन पोरं. इक्बाल भोंग्याचा आवाज काढून दाखवायचा, मग लिऊ त्याच्या गावचा काढायचा.

एकदा लिऊने सांगितलं की सतराव्या शतकात एवढी भिंत असूनही ईशान्येकडची मांचू फौज आत आली, कारण नाक्यावरच्या सेनापतीनेच दार उघडलं. इक्बाल म्हणाला, "साब, त्याला सांगा, घर का भेदी लंका ढाए." आता लंका, बिभीषण हे सगळं चिनीत कसं सांगायचं? माझी पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. शेवटी लिऊ इतका हसला की त्याचा चहा सांडला.

दुसऱ्या एका संध्याकाळी तो हसला नाही. त्याने सांगितलं, १९०० साली परक्यांविरुद्धचं चिनी बंड मोडायला आठ देशांच्या फौजा शानहायग्वानला उतरल्या. ड्रॅगनच्या डोक्यावरचा किल्ला त्यांनी मोडून-जाळून टाकला. इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपाई होते. "फेटेवाले," लिऊ म्हणाला. "माझ्या पणजीने पाहिले होते. तुमचे लोक आमच्या गावी कशाला आले होते?"

मी म्हणालो, "हुकूम होता."

लिऊने पायाने मातीतलं गाव पुसलं. रागाने नाही. रोज पुसायचा तसंच.

आमच्या कंपनीत एक रिवाज होता. पुलाची शेवटची पिन जो ठोकेल, तो पहिल्या गाडीपुढे चालणार. गाडीकडे तोंड, पाठ काठाकडे, उलट्या पावलांनी. हाताच्या खुणांनी ड्रायव्हरला सरळ ठेवायचं. हे काम दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही. ज्याने बांधला, त्यानेच आधी त्याच्यावर उभं राहावं, एवढंच त्यामागचं म्हणणं.

छावणीच्या रस्त्यावरच्या नाल्यावर आम्ही बेली पूल टाकला, म्हणजे लोखंडी जाळीची पॅनेलं पिनांनी जोडून उभा करायचा पूल. पलीकडच्या काठाचा चढ चिन्यांनी केला. पाण्याचे टँकर त्यांचे होते आणि ते पाणी भरून पलीकडेच अडकून पडले होते; छावणी आमच्या बाजूला. सकाळी इक्बालने शेवटची पिन ठोकली. पहिला टँकर लिऊने स्वतः चालवायला घेतला. म्हणाला, "इक्बाल पुढे असेल तर मीच येतो."

आमच्याकडे आभाळ कोरडं होतं. वर डोंगरात रात्रभर कोसळलं होतं, ते आम्हाला दिसत नव्हतं. नाल्याचं पाणी चढत होतं, पण पुलाच्या खूप खाली होतं. मी आमच्या काठावर रेडिओ घेऊन उभा होतो.

टँकर पुलावर आला. इक्बाल त्याच्यापुढे उलटा चालत आमच्याकडे येत होता. उजवा हात वर, बोटं हलत. सावकाश. सरळ. आमचा काठ त्याच्या पाठीशी चार-दोन पावलांवर राहिला होता. तोंड पलीकडे असल्यामुळे ते आधी त्याला दिसलं. पाण्याने पलीकडचा काठ खालून खाल्ला होता आणि पुलाचं टोक बसायला लागलं होतं.

"लिऊ! उतर!"

मराठीत ओरडला. लिऊला कळलं असणार, पण गाडीचं दार पुलाच्या कडेच्या पॅनेलला दाबलं गेलं होतं. पूल तिकडे झुकला, टँकर मागे घसरला आणि मागची चाकं पाण्यात गेली.

इक्बालने मागे चार-दोन पावलं टाकली असती तर तो माझ्याशेजारी उभा असता. तो गाडीकडे पळाला. पिन ठोकायचा हातोडा अजून त्याच्या कमरेला होता. त्याने समोरची काच फोडली, लिऊला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि वरच्या पॅनेलवर ढकललं. मी दोर फेकला. तो लिऊच्या हाती आला. तेवढ्यात पूल कुशीवर वळला.

रेडिओ ओरडत होता. "सॅपर दो, रिपोर्ट भेजो. ओव्हर."

"पुल गया. एक गाडी पानी में. चिनी ड्रायव्हर सलामत. अपना एक जवान नीचे है. ओव्हर."

"नाम भेजो."

मी नाव सांगितलं.

तो दुपारी खालच्या वळणावर सापडला. लिऊ अनवाणी, रक्ताळलेल्या हातांनी आमच्याबरोबर शोधत होता. त्याचे अधिकारी बोलवायला आले, तो गेला नाही. शवपेटी विमानात चढवताना तो आमच्या रांगेत उभा राहिला. नंतर त्याने मला एकच प्रश्न विचारला. "त्याच्या आईचं नाव काय?" जुबेदा, मी सांगितलं. त्याने ते जिभेवर बसेपर्यंत म्हटलं. चु-पाय-ता. चु-पाय-ता.

मी जुबेदाचाचीकडे खडकीला गेलो तेव्हा तिनेही एकच विचारलं. "तो वाचलेला माणूस कुठला हो?"

मग मी तिला शानहायग्वान सांगितलं. डोंगर कुठे, समुद्र कुठे, भिंत कुठे संपते. चाची लोणावळ्याच्या पलीकडे कधी गेलेली नाही. त्या दिवसापासून दर ईदेला मी जातो आणि शिरखुर्म्याबरोबर ती मला ते गाव विचारते. थंडीत तिथल्या समुद्राचा काठ गोठतो हे ऐकून तिला फार काळजी वाटली होती. लिऊचा मला ठावठिकाणा नाही. आमची तुकडी आधी परतली आणि पुढे दोन देशांमध्ये जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सरहद्दीवर आपले जवान गेले त्या दिवशी मीही भरल्या ताटावरून उठलो होतो. माझं रक्त कुणापेक्षा थंड नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण गेल्या वर्षी आमच्या भागातल्या नागरिक समितीने बागेत शहीद स्मृती शिळा उभारायची ठरवली. खडकीसकट भागातले सगळे शहीद जवान त्यावर येणार. मला सल्लागार नेमलं. मी इक्बालचं नाव दिलं. अध्यक्ष पाटणकर सर. निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा झब्बा, आवाज कधी चढत नाही.

"अहो सुभेदार, जरा बसा. हे गृहस्थ कुठे गेले म्हणालात?"

"आफ्रिकेत. ड्यूटीवर."

"कुणाला वाचवताना?"

मी सांगितलं.

"म्हणजे आपण असं कोरायचं का, की चिनी सैनिकाचे प्राण वाचवताना वीरमरण? लोक काय म्हणतील, याचा आपण विचार केला असेलच."

"सर, तो पाण्याचा टँकर होता. छावणीत माणसं तहानलेली होती."

"असतील ना. पण ही शिळा देशासाठी गेलेल्यांची आहे. परोपकाराची वेगळी काढू कधीतरी."

दोघंतिघं हसले. मी म्हणालो, "सर, इथे लष्कराच्या आवारात एक जुना दगड आहे. त्यावर 'चीन' असं कोरलंय. रोज त्याच्यावरून कापड फिरतं. कशासाठी कोरलंय, ठाऊक आहे? इंग्रजांच्या हुकमाने आपले लोक चीनमध्ये गेले. चिन्यांनी आपलं काय घोडं मारलं होतं? तो दगड तुम्हाला चालतो. अभिमानाने पाहुणे नेऊन दाखवता. परक्या राजासाठी चिन्यांना मारायला गेलेले आपले, आणि आपल्या तिरंग्याखाली, आपल्या वर्दीत एका चिन्याला जिवंत बाहेर काढणारा परका?"

पाटणकर सरांनी घड्याळ पाहिलं. "भावना पोचल्या. पुढचा विषय."

मी सल्लागारपद तिथेच सोडलं. शिळेचं अनावरण जानेवारीत झालं. बँड होता, पेढे होते. मी गेलो नाही. मी जुबेदाचाचीकडे गेलो. ईद नसताना मी आलेला पाहून ती समजली.

"नाव नाही ना आलं?"

"नाही, चाची."

तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग म्हणाली, "तिथं आता समुद्र गोठला असेल."

"काठाला. हो."

"लिऊ स्वेटर घालतो का नाही कोण जाणे. त्याला सांगणारं कुणी असेल ना घरात?"

ज्याच्यासाठी पोटचा मुलगा गेला, त्या माणसाला सर्दी होऊ नये म्हणून ही बाई खडकीत बसून जीव टांगणीला लावते. आणि आम्ही, देशभक्तीचे ठेकेदार, एका ओळीची जागा देऊ शकत नाही. लाज वाटली. अजून वाटते.

परतताना मी बागेत गेलो. सुरेख काळा दगड आहे, खोटं कशाला बोलू. वर नावं, आणि खाली बराचसा भाग कोरा. माळ्याला विचारलं, हे अर्धवट का सोडलंय? म्हणाला, "अध्यक्षसाहेबांनी ठेवलंय तसं. पुढं जे शहीद होतील, त्यांच्यासाठी."

म्हणजे जे अजून जिवंत आहेत, त्यांची जागा यांनी धरून ठेवली आहे. जो गेला, त्याला जागा नाही. मी त्या कोऱ्या भागासमोर सावधान उभा राहिलो आणि माळ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. आजही तिथून जाताना बोलतो.

नाईक इक्बाल मुलाणी. सॅपर. राहणार खडकी. पूल त्याने बांधला होता म्हणून तो पहिल्या गाडीपुढे चालत होता. काठ त्याच्या पाठीशी चार-दोन पावलांवर होता. तो पुढे गेला.