ये ना चंद्रिके!

मी आयुष्यात एकच प्रेमगीत रचलं आणि ते ऐकून सासरे काठी शोधायला उठले.

त्याचं असं झालं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. भातलावणीला मदत म्हणून बायको माहेरी, उत्रोलीला निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "माझ्यावाचून काय अडंल का तुमचं?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "छे! काय अडतंय!" (तिनं निर्धास्त जावं म्हणून हो!) लावणी आटोपली, खाचरं हिरवीगार झाली, तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. भोरपासून उत्रोली ती कितीशी लांब! पण नुसतं जाऊन "चल" म्हणायचं, तर माझा ताठा आडवा येत होता.

तेवढ्यात मुंबईचा मावसभाऊ रजेवर आला, टेपरेकॉर्डर घेऊन. मी ठरवलं, विरहगीत भरायचं! तेही कागदाला पेन न लावता, उत्स्फूर्त!

"उस्फुर्त म्हंजी काय रं?" आईनं विचारलं.

"आतून आपोआप येतं ते."

"ढेकरावानी?"

साहित्यचर्चा मी तिथंच थांबवली. "चुलीवर दूध हाय, ध्यान ठेव," असं बजावून आई शेजारी गेली. मी रिकाम्या हंड्यात तोंड घातलं (आवाज घुमावा म्हणून), बटण दाबलं आणि सुरू झालो, "ये ना चंद्रिके, सुने अंगण माझेऽऽ..." बायकोचं नाव शांता, पण ते चालीत बसेना. शिवाय बायकोचं नाव घ्यायची आमच्यात पद्धतच नव्हती. आम्ही 'अगं ए'वाले! शेवटी जरा गडबड झाली, पण तोवर बटण बंद केलं होतं, असं मला वाटत होतं. सेल उतरतील म्हणून परत ऐकलंही नाही.

यंत्र कॅरियरला बांधून सायकल हाणली ती थेट उत्रोली. गाणं तिनं एकटीनं ऐकावं, असा बेत होता. पण ती पेटी बघून निम्मी आळी सासऱ्यांच्या ओटीवर गोळा झाली! आता माघार कशी घेणार? लावलं.

पहिल्याच ओळीला सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हेलावल्या!

"पाव्हणं," मामा, म्हणजे सासरे, गुरगुरले, "ही चंद्रिका कोण?"

"मामा, ती कविता..."

"आता कविता बी हाय?"

"अहो, नुसती कल्पना आहे!"

"अगं बया, तिसरी!" शेजारची म्हातारी किंचाळली.

'माझी भावना समजून घ्या' हे ओठांवर आलेलं वाक्य मी तसंच गिळलं. मामा काठीसाठी उठले. दारात शांता उभी होती, डोळे भरलेले. गाण्यानं नव्हे! हिला कायमचा मुकतो की काय, या भीतीनं मी बटणाकडे झेपावलो. मामांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या! अजून किती हाईत त्ये कळू द्या समद्यांस्नी!"

टेप चालूच होती. "चंद्रिकेऽऽ... अगं अगं अगं! शांते! दूध उतू चाललं! ए शांते, फडकं कुठंय गं? शांताऽऽ!" मग धाडकन भांडं पडल्याचा आवाज. मग माझी बोंब. मग जरा वेळ सगळं शांत, आणि माझाच बारीक आवाज, "नाहीच की ती घरात..."

खट्. टेप संपली.

मग शांतेला हसू फुटलं. अशी हसली, की दाराची चौकट धरून खाली बसली. मामांनी माझं मनगट सोडलं. "जावईबापू, त्ये गाणं ऱ्हाऊ द्या. फुडलं लई ग्वाड हाय. फिरून लावा!" सेल संपेपर्यंत माझी बोंब लावत होते.

परतताना शांता कॅरियरवर, टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर. भोर दिसायला लागल्यावर तिनं हळूच विचारलं, "मंग, अडलं का?"

"अडलं," मी म्हणालो. चढावर दम लागला होता, पण फार बरं वाटत होतं.

"आवं, आन् फडकं घावलं का शेवटी?"

"नाही ना!"

"घावंल कसं? चहा केला की खांद्यावर टाकताय आन् इसरताय!"

त्यानंतर मी एकही गाणं रचलं नाही. माझी उत्स्फूर्त अशी एवढी एकच ओळ, "फडकं कुठंय गं?" ती अजून रोज म्हणतो. आणि दुसरी ओळ आतून आपोआप येते, "तुमच्या खांद्यावर!"