पुसायच्या आधीची दोन मिनिटं

मगदूम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचंच लेक्चर कापत होतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग चाललं होतं. पडद्यावर सर हातात डस्टर धरून गप्प उभे, आणि फोनवर सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगत होत्या, "अरे, चहा घेतला, खुर्चीत टेकले आणि..." मी नुसता पडद्याकडं बघत राहिलो. सर अजून तसेच उभे होते.

महिना झाला त्याला. रडून झालं, पण पहिले काही दिवस एक कोडं माझ्या डोक्यातून जाईना. हा माणूस रेकॉर्डिंग करताना, समोर चिटपाखरू नसताना, थांबायचा कुणासाठी?

सर मूळचे कोडोलीचे. आमच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. फळा भरला की वर्गाकडं वळून विचारायचे, "पुसू का?" आणि मागच्या बाकावरून "पुसा सर" आल्याशिवाय डस्टर लावायचे नाहीत. कोरोनात कॉलेज बंद पडलं तेव्हा त्यांनी घरच्या पुढच्या सोप्यातच फळा ठोकला, खुर्चीच्या पाठीला नाडीनं मोबाईल बांधला आणि शिकवायला लागले. ऑनलाइनचं काम माझ्याकडं, म्हणून पहिल्या तासाला मीही जोडलेला. फळा भरला. "पुसू का?" ...सगळी पोरं आवाज बंद करून बसलेली. सर थांबले. मिनिट गेलं, दोन गेली, मला घाम फुटला. शेवटी खटखट खटखट असा जोराचा आवाज आला आणि त्यातून एक मुलगी ओरडली, "थांबा की सर, माझं व्हायचंय!"

सर काय खूश झाले! "कोण गं तू? आणि ह्यो कसला आवाज?"

"राजश्री, सर. कबनूरची. आमचे माग हायत."

झालं! गणित राहिलं बाजूला. यंत्रमाग किती, सूत तुटल्यालं कळतं कसं, सर विचारतच सुटले. मला म्हणाले, "अरे, पोरगी चार माग कानानं सांभाळती आणि माझं कॅल्क्युलस लिवून घेती. आपल्याला जमंल काय?"

कोरोना संपला, कॉलेज भरलं, पण ऑनलाइन काही गेलं नाही. काही विषयांची लेक्चर्स रेकॉर्ड करून ठेवायची असं ठरलं. तोवर राजश्रीच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि माग तिच्या गळ्यात पडले होते. ती शिक्षण सोडायला निघाली. सरांनी तिला घरी जाऊन थांबवलं, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. म्हणाले, लेक्चर मी पाठवतो, तू नुसती पास हो.

सर घरी रेकॉर्ड करून मला पाठवायचे. प्रत्येक फळ्यानंतर "पुसू का?" आणि मग दोन मिनिटं शांतता. मी शहाणा! ती सगळी कापून टाकायचो. एकदा सर तरातरा माझ्या खोलीत आले. "माझी गप्प बसल्याली मिनिटं कुठं घातलीस?"

"सर, मुलं पॉज करतात की. बटण असतंय."

"सगळ्यांचा हात रिकामा नसतो, शाण्या."

मी हसलो. म्हातारा हट्टी आहे म्हटलं आणि कापत राहिलो. का, एवढं एकदा विचारलं असतं तर...

बाराव्या दिवशी सरांच्या घरी गेलो, तर सोप्यात राजश्री वही घेऊन बसलेली. मी सहज विचारलं, लेक्चर बघतेस कशी? आमच्याकडच्या मुली स्वतःला 'करतो, जातो' म्हणतात तशी ती म्हणाली, "मोबाईल खिडकीत ठेवतो सर. सूत तुटलं की पळतो. हाताला तेल असतंय, बोटानं मोबाईल चालत न्हाय. मगदूम सर 'पुसू का' म्हणायचे, तेवढ्यात येऊन लिवून काढायचो. पण अलीकडं लेक्चर लई पळाय लागल्यात. तीन धडे ऱ्हायलेत, परीक्षा तोंडावर आल्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कापणारा मीच, हे तिला तिथंच सांगितलं. तिनं फक्त राहिलेल्या तीन धड्यांची नावं सांगितली. त्यानं जास्तच लागलं. मूळ फाइली नशिबानं होत्या. दुसऱ्याच दिवशी सगळ्या जशाच्या तशा चढवल्या, शांततेसकट.

राहिला शेवटचा धडा. तो सरांनी जायच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहून ठेवला होता, सकाळी चहा घेऊन रेकॉर्ड करणार होते. तो फक्त त्या फळ्यावरच होता, आणि त्या बाराव्या दिवशी राजश्री तोच उतरून घेत होती. पाहुणे येऊ लागले होते, फळा पुसून त्यावर सरांचा फोटो लावायचा होता. वहिनी ओलं फडकं घेऊन आल्या, फळ्यापुढं उभ्या राहिल्या आणि इतकी वर्षं ऐकायच्या सवयीनं त्यांच्याही तोंडून तेच आलं, "पुसू का?"

राजश्रीनं मान वर केली नाही. "थांबा काकू, माझं व्हायचंय."

वहिनी फडकं मांडीवर घेऊन तिच्या शेजारी खाली बसल्या.