मावशीची लोण्याची डबी

माझी मावशी इस्पितळाच्या कँटीनमध्ये पावाला लोणी लावायची. अठ्ठावीस वर्षं. सातला ट्रॉली वॉर्डात निघायची, त्याआधी तीनशे स्लाइस तयार हवेत. थंडीत लोणी दगडासारखं व्हायचं. सुरी दाबली की पाव फाटायचा. शेवटी तिच्या मनगटानेच संप पुकारला. साधा कप उचलतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

"मग भांडी पुसायला या," मॅनेजर म्हणाले. मावशीला ते फार लागलं. घरी येऊन तिने काकांना सांगितलं. काका पत्र्याचे डबे, गाळण्या, नरसाळी बनवायचे आणि बोलायचे अगदी तोलूनमापून. "हं," म्हणाले आणि जेवून उठले.

"भिंतीशी बोलले असते तर पोपडा तरी पडला असता!" असं मावशी पुढे कितीदा तरी सांगायची.

चार दिवसांनी काकांनी तिच्यापुढे एक पत्र्याची डबी ठेवली. तळाला बारीक चीर, वर लाकडी दट्ट्या. लोणी भरायचं, डबी जरा वाफेवर धरायची, दट्ट्या हलकेच दाबायचा, डबी पावावरून ओढायची. पहिल्याच खेपेला दट्ट्या निसटला आणि लोणी थेट काकांच्या चष्म्यावर. मावशी हसून हसून खाली बसली.

"इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी लोणी लावलं नाहीत, शेवटी मीच तुम्हाला लावलं!"

काकांनी चष्मा पुसला आणि कानशीने चीर थोडी रुंद केली. दुसऱ्या दिवशी तीनशे स्लाइस सव्वासहालाच तयार.

तेव्हा बायकांच्या वॉर्डात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. कुणी भरवायला आलं की तोंड फिरवायच्या. एका सकाळी मावशीने कोरडा पाव आणि डबी त्यांच्यासमोर ठेवली. बशी सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल घातला.

"बाई, डाव्या हाताने बघा जमतंय का."

पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी पावाबाहेर. ट्रॉली खोळंबली, पण मावशी जागची हलली नाही. अखेर बाईंनी स्लाइस उचलला, सावकाश चावला आणि वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "मीठ कमी आहे." नर्सने डोळे पुसले. बाईंनी दुसरा स्लाइस मागितला.

डबी बाईंच्याच उशाशी राहिली. एवढ्या खटपटीने केलेली वस्तू देऊन टाकली म्हणून घरी जाताना मावशीला धाकधूक. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या हाताने लावलं?"

"डाव्या."

"मग दट्ट्याची मूठ तिरकी हवी." आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

पुढे निरोप येत गेले. कुणाची बोटं आखडलेली, कुणाचा हात प्लास्टरमध्ये. हात केवढा, पकड कशी, हे मावशीने सांगितल्याशिवाय काकांचं काम पुढे सरकायचं नाही. हाताबरोबर मग बोलण्यात त्या माणसाची सून यायची, त्याच्या खोड्या यायच्या. सुट्टीत मी त्यांच्याकडे असायचे. कात्री पत्रा कापत असायची, मावशी दट्ट्याला पॉलिशपेपर घासत असायची आणि काका मध्येच विचारायचे, "मग? सून काय म्हणाली?"

आता काका नाहीत. कँटीनमध्ये लोणी छोट्या पुड्यांत येतं.

परवा मावशी म्हणाली, "मनगट वाचलं ते वाचलंच गं. पण खरं सांगू? यांना वाचा फुटली ती तेव्हा. मला उगाच वाटायचं, माणूस घुमा आहे. बोलायचं कशाबद्दल, तेच बिचाऱ्याला सुचत नव्हतं."