एका लेकरासाठी लसीची बाटली

पुण्याहून सकाळच्या एसटीने बारामतीला निघालो तेव्हा मी जरा फुगलेलोच होतो. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस निवृत्तीनंतर एक लेख लिहितो आणि तो वाचून इंदापूर तालुक्यातली एक नर्स फोन करते, ही काय थट्टा आहे? देवीचा रोग गेला तसा गोवरही जगातून जाईल, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तो माणसाशिवाय कुठे राहत नाही, त्यावर चांगली लस आहे. फक्त जवळजवळ प्रत्येक मुलाला दोन्ही वेळा टोचायला हवं. नर्सबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, “सर, त्ये ‘फक्त’ बघायला एकदा कळंबला या.”

बारामतीच्या स्टँडवर कळंबकडची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. माझ्या हातात मिसळीची प्लेट होती. पुढची गाडी तासाभराने मिळाली. शेजारी टोमॅटो विकून परतणारे एक तात्या बसले होते. मी कशाला निघालोय हे ऐकून ते हसले.

“गोवर व्हय? आमच्या लहानपणी गोवर आला की घरात फोडनी बंद आन् दाराला लिंबाचा डहाळा. आता आमची समदी पोरं टोचल्याली हायती.” मग खिडकीबाहेरच्या उसाच्या बैलगाड्यांकडे त्यांनी हनुवटीने खूण केली. “ऱ्हात्याती ती ही ऊसतोडीची हिंडती मानसं.”

बाहेर कालव्याचं पाणी शांत वाहत होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाची बाग, मध्येच नुकतं तोडून मोकळं झालेलं रान. इतका हिरवा मुलूख पाहून कुणालाही वाटावं, इथे कशाला काही कमी पडत असेल!

कळंबला त्या नर्सबाई, शैलाताई, स्कूटर घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायांपाशी लसीचा निळा डबा. आधी मला घरी नेलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरवा ठेचा. ठेच्याने माझे नाक-डोळे वाहू लागले तशा त्या हसल्या. स्वतः मात्र नुसती भाकरी मोडत होत्या. मग ताटाकडे बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

गेल्या हंगामात बीडकडची मंगल नावाची ऊसतोडीवाली बाई लसीकरणाच्या ठिकाणी पोचली, तेव्हा सगळं आवरून झालं होतं. तिच्या कडेवर सव्वा वर्षाची गौरी होती. गोवराची लस पूड असते. पाणी घालून ती कालवली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. एका बाटलीत पाच मुलांपुरती लस.

“एका लेकरासाठी बी फोडा, असाच नियम हाय सर. पन मला वाटलं, चौघांची वाया जाईल. म्हनलं, लस संपली, पुढच्या गुरुवारी ये.”

त्या गुरुवारच्या आत मंगलची टोळी सोमेश्वरनगरकडच्या उसाला हलली. तिकडे गौरीला गोवर झाला, मग छाती भरली. आठवड्यात पोर गेली.

“यंदा मंगल परत आलीया. दहा महिन्यांचं पोर हाय संगं. त्येला टोचू देत न्हाय. दोनदा जाऊन आले. तुमी शिकलेलं मानूस, तुमी सांगून बघा.”

दुपारी आम्ही ऊसतोडीच्या फडावर गेलो. उसाच्या वाळल्या पाचटावरून माझा पाय घसरला आणि मी बसकण मारली, पण कुणी हसलं नाही. बहुतेक जण गाडी भरायला गेले होते. आठ-दहा कोप्या (बांबू आणि पाचटाच्या झोपड्या), त्यातल्या एकीसमोर मंगल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. पंचविशीची असेल. तिने आम्हाला कोरा चहा दिला. मी समजावू लागलो, चांगला अर्धा तास. वर्गात पोरं जांभया द्यायची. ही मात्र नीट ऐकत होती.

“तुमचं खरं असंल आबा,” ती म्हणाली. “पन गौरीच्या टायमाला लस संपली व्हती. म्हंजी देवाच्याच मनात न्हवतं. ह्येचं बी त्योच बघंल.”

मी शैलाताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“मंगल, लस संपली न्हवती,” त्या म्हणाल्या. “बाटली डब्यात व्हती. एका लेकरासाठी मी फोडली न्हाय. देवाचं काय न्हाय त्यात. माझं चुकलं.”

मंगल बघतच राहिली. मला वाटलं, आता ही चुलीतलं लाकूड फेकून मारते. मारलं असतं तरी मी मध्ये पडलो नसतो. बाळाने तिच्या गळ्यातली पोत तोंडात धरली होती, ती तिने हळूच सोडवली.

“मंग आता फोड,” ती म्हणाली.

त्या दिवशी फडावर टोचायचं दुसरं मूल नव्हतं. ताईंनी बाटली काढली, पाणी घालून हलवली. सुई भरली आणि एकदा डोळे मिटून थांबल्या. सुई दंडाला लागताच बाळाने हंबरडा फोडला. मंगल रडली नाही. ताईंनी कार्डावर दुसऱ्या डोसचा महिना लिहिला. तेव्हा ही माणसं गावी असतील, म्हणून तिथल्या आशा सेविकेचा नंबरही शोधून देते म्हणाल्या.

मंगलने बाटली मागितली. ताईंनी दिली. करंगळीच्या पेराएवढी ती काच तिने तळहातावर घेऊन उन्हात धरली.

“एवढीशीच व्हती?” तिने विचारलं.

ताई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. मंगलने त्यांना उठवलं नाही, की जा म्हटलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. घरी बायकोने विचारलं, काय पाहून आलात? “गोवर जाईल गं जगातून,” मी म्हणालो. जाईल तो, अजूनही मला तसंच वाटतं. पण गौरी आईच्या कडेवर होती, बाटली दोन हातांवर डब्यात होती, आणि तरी ती पोर गेली.