मांजरपाटावरचा उजेड

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. तंबाखू चाळताना उडणारी धूळ कुठेही शिरते, पदराच्या घडीत, भाकरीच्या फडक्यात, डोळ्यांत. मी सातवीत असताना वडील गेले आणि त्यानंतर बावीस वर्षं आई त्या धुळीत बसली. घरी आली की आधी डोळ्यांवर पाण्याचे हबके मारायची, मग चूल पेटवायची. तिच्या अंगावरच्या धुळीने मला शिंका यायच्या, म्हणून आंघोळ होईपर्यंत ती मला जवळ घ्यायची नाही.

वडिलांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना कापून काढलं आणि मोठं करून भिंतीवर लावलं. त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. ज्याचा हात तो माणूस कापला गेला, हात तेवढा राहिला. पाहुणे विचारायचे, हा हात कुणाचा? आई म्हणायची, "काय म्हाईत. पण त्यांच्यासंगं कोणतरी हाय, तेवढंच बरं."

आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. पदवी मिळाली त्या दिवशी आईने वखारीतून सुट्टी काढली आणि आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. फोटोवाल्याने तीनदा फ्लॅश मारला. तिन्ही फोटोंत आईचे डोळे मिटलेले, कपाळावर तेलकट पांढरा चट्टा, मागे भिंतीवर शाई सांडल्यासारखी सावली. "म्हातारीला सांगा की डोळे उघडे ठेवायला," तो म्हणाला. तेव्हा आई पंचेचाळिशीचीही नव्हती.

तिने त्यातला एक फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. "तू दिसतीस की. बास झालं," म्हणाली.

पुढे मला बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि पिरनवाडीत खोली घेतली. आई यायला तयार नव्हती. मी दर शनिवारी निपाणीला जायचे. दोन वर्षांपूर्वी तिची छाती फारच भरून यायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आता जपा, एवढंच आपल्या हातात. तोवर तिच्या डोळ्यांनाही उजेड सोसेना झाला होता. खिडकीला तिने चादर बांधली. उन्हात नेलं की डोळ्यांतून धारा लागायच्या. कौलारू घर, त्यात चादर, आत दिवसाही अंधार.

एका शनिवारी मी तिचे पाय चेपत होते. ती म्हणाली, "माझा तसला फोटो लावू नगंस गं."

"कसला?"

"डोळं मिटलेला. मेल्यावर मिटायचंच हाईत की. फोटूत तरी उघडं असू देत."

दुसऱ्या दिवशी बेळगावला परतताना बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरात असतील नसतील ते सगळे फोटो मी आठवून बघितले. एकातही तिचे डोळे उघडे नव्हते.

बेळगावातच शहापुरात एक फोटोवाले अण्णा दुकान आवरतं घेत होते. त्यांच्याकडून मी जुना डिजिटल कॅमेरा आणि त्याच्यावर बसवायचा फ्लॅश घेतला. मोबाइलने आधी काढून बघितलं होतंच, पण त्या अंधारात आई म्हणजे नुसता पुसट डाग यायचा. फ्लॅशशिवाय इलाज नव्हता, आणि नेमकं त्यालाच तिचे डोळे भीत होते.

मग मी उजेड मऊ करण्याच्या मागे लागले. पहिल्यांदा बटरपेपरची दुहेरी घडी रबराने फ्लॅशवर बांधली. कपाळावरचा चट्टा गेला, डोळे मात्र मिटलेलेच. पुढच्या शनिवारी दह्याचा पांढरा डबा कापून टोपीसारखा बसवला. उजेड चारी बाजूंना पसरला, पण वर काळी पडलेली कौलं. त्यांनी सगळा गिळून टाकला आणि उरलेला पुन्हा तिच्या तोंडावरच. आई डोळे चोळत म्हणाली, "शिकलीस तरी आईला आंधळी करायची राहिलीस व्हय?"

मी अण्णांकडे गेले. ते अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचे आणि दोन्हींत रागवायचे.

"मॅडम, फ्लॅश माणसाच्या तोंडावर कशाला बडवता? मान वळवा त्याची. भिंतीवर मारा. भिंतीवरनं येतो तो उजेड लई मऊ असतो, खिडकीतनं आल्यासारखा."

"आणि डोळे?"

त्यांनी फ्लॅश उलटसुलट करून बघितला. "हा ऑटोवर आहे. असला फ्लॅश आधी एकदा बारीक चमकतो, मोजमाप घेतो, मग मोठा पडतो. बारीक चमकला की तुमची आई डोळे मिटते. मोठा पडेस्तोवर मिटलेलेच." त्यांनी एक बटण दाबून धरलं. "आता हातानं ठेवा. एकदाच पडंल. त्यांची पापणी हलायच्या आत काम झालेलं असतंय."

इतकी वर्षं आम्ही आईलाच दोष देत होतो.

त्या शनिवारी मी फ्लॅशची मान वळवून तो भिंतीवर मारला. आईचे डोळे पहिल्यांदा अर्धे उघडे आले. पण आमच्या भिंती हिरव्या रंगाच्या, वडिलांनी स्वतः मारलेल्या. आईचा चेहरा शेवाळ धरल्यासारखा हिरवट. तिला दाखवला नाही.

अण्णा म्हणाले, भिंतीपुढं पांढरं कापड धरा, मोठं. थर्माकोल चालतो, पण बसमधनं कसा न्याल? कापडच बरं.

मी शहापुरातल्या एका कापडाच्या दुकानात गेले आणि पाच मीटर मांजरपाट मागितलं. म्हातारा दुकानदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "घरातलंच कोण?"

"आईसाठी हवंय," मी म्हणाले.

तो उठला. भाव सांगितला नाही, मीही विचारायला विसरले. त्याने कात्री न लावता कापड टर्रकन फाडलं, कागदात न बांधता दिलं, आणि पैसे घेताना मान खाली घातली. मला वाटलं, किती सभ्य माणूस. पदवी असली तरी काही गोष्टी पुस्तकात नसतात.

घरी पोहोचले. आई भिंतीला टेकून बसली होती. मी कापड उलगडून तिच्या अंथरुणावर पसरलं आणि दोरी बांधायला खिळा शोधू लागले. तेवढ्यात शेजारच्या घरातून मावशी आली, आईची थोरली बहीण. दारातच तिने किंकाळी फोडली.

"अगं बाई गं! आजून जित्ती हाय की गं ती! कोरं कापड आणून ठेवलीस व्हय तिच्या डोळ्यांदेखत?"

तेव्हा मला दुकानदाराचा चेहरा समजला. त्याने ते कापड मयतासाठी म्हणून दिलं होतं. मी काहीबाही सांगायला लागले, फ्लॅश, उजेड, हिरवी भिंत. मावशी ऐकेना. ती कापड गोळा करून बाहेर फेकायला निघाली. मला रडू आवरेना.

आईने कापडाचं टोक धरून बोटांनी चाचपलं. "सूत बरं हाय," ती म्हणाली. "आक्का, ठेव ते. पोरीनं काय मुद्दाम आणलंय का? फोटू झाल्यावर उशीला ह्याची खोळ शिवू. माझी पार फाटलीया."

"तुला काय वाटतंय का न्हाय गं?"

"वाटून काय करू? खिळा मिळंना तिला. तूच धर वर."

मावशी रडत रडत उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून कापड धरलं. मी फ्लॅशची मान त्या कापडाकडे वळवली. पहिला फोटो काळा आला, दुसऱ्यात मावशीचं कोपर आलं. मी फ्लॅशचा जोर वाढवत होते. मावशीचे हात हळूहळू खाली यायला लागले.

"आक्का, हात खाली घेऊ नगं हां," आई म्हणाली, "न्हायतर आत्ताच पडंल माझ्यावर."

मावशीच्या तोंडून शिवी गेली आणि त्याच तोंडाने ती हसली. आईही हसली. मी बटण दाबलं. मग आईला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी कॅमेरा बाजूला टाकून तिची पाठ चोळत बसले.

पाणी प्याल्यावर तिने स्वतःच विचारलं, "आलं का?"

मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने तो नाकाजवळ नेला. पांढरा चट्टा नव्हता, काळी सावली नव्हती. गालावर मऊ उजेड होता आणि ती मावशीकडे बघत होती.

"आक्का, बघ की," ती म्हणाली. "डोळं आईगत हाईत माझं."

मावशी वाकली. त्या दोघींच्या आईचा एकही फोटो नाही. मावशी कितीतरी वेळ बघत राहिली. "व्हय गं," म्हणाली. "तसंच. मी इसरलेच हुते."

"मला कुठं ठाव हुतं," आई म्हणाली. "आरशात बगाय येळच न्हवता."

त्यानंतर ती दोन महिने आणि काही दिवस होती. मी आणखी फोटो काढायचे म्हणत राहिले, पण ती पुढे बसेना, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, चेहरा सुजला. मीही कॅमेरा काढला नाही. ती गेली तेव्हा तिच्या पापण्या मावशीने मिटल्या, मला जमलं नाही.

अण्णांनी तो फोटो मोठा करून दिला. आता तो वडिलांच्या फोटोशेजारी आहे. माझ्या आईचा डोळे उघडे असलेला एक फोटो आहे. तो मी काढला.