सुटलेला नकार

"बठ्ठं छाप." आमच्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य; बठ्ठं म्हणजे सगळं. प्रोग्रॅम चुकला की आम्ही शेवटच्या चार ओळी दाखवायचो. त्या पडद्यावर बोट टेकवून एवढंच म्हणायच्या. मग प्रोग्रॅमने कुठे कोणता नियम लावला याचा, पहिल्या नियमापासून शेवटच्या शब्दापर्यंतचा माग प्रिंटरमधून निघायचा आणि त्या तो फरशीवर पसरून, गुडघे टेकून वाचायच्या.

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावच्या आमच्या लहानशा कचेरीतला प्रोग्रॅम व्याकरणाचे नियम लावून शेतकऱ्यांसाठी मराठीत सल्ले लिहायचा. नियम मॅडमनी बांधलेले. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. एकदा प्रोग्रॅमने ‘केळी पिकला’ असं लिहिलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "नवा आहे. शिकेल." मीही नवाच होतो, त्यातलं ‘शिकेल’ मी माझ्यासाठी ठेवून घेतलं. तुम्हीही कधी अशा कुणाच्या हाताखाली काम केलं असेल.

त्या वर्षी सावद्याकडे केळीवर रोग आला. सल्ल्याचा कागद सकाळच्या एसटीने तिथल्या सोसायटीला गेला. दुपारी कचेरीतली प्रत वाचताना मला दिसलं: ‘रोगट बागेतले कंद लागवडीला घ्यावेत आणि पाने बागेत टाकू नयेत.’ हवं होतं ‘घेऊ नयेत’.

मी दाखवताच मॅडमचा चेहरा उतरला. माग छापला. दोन वाक्यं ‘आणि’ने जोडणारा नियम नकाराची खूण फक्त दुसऱ्या वाक्याला देत होता.

कचेरीचे साहेब म्हणाले, सुधारलेला कागद उद्या पाठवू.

"नियम माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "कंद आज लागले, तर उद्याचा कागद काय करणार?"

नियम दुरुस्त करून, नवा माग शेवटपर्यंत वाचूनच त्यांनी एसटी धरली. मी सोबत होतो. सावद्याला सोसायटीच्या फळ्यावरचा कागद आम्ही बदलला. तिथे कळलं, एक आबा तो वाचून कंद भरायला गेलेत. आम्ही त्यांच्या बागेत पोचलो तेव्हा बैलगाडी अर्धी भरली होती.

मॅडमनी सगळं सांगितलं. आबांनी विचारलं, "मशीन चुकलं का?"

"नाही आबा. मी चुकले."

आबा गाडीवर चढले. मग कंद खाली टाकू लागले. मॅडमनी पदर खोचला आणि त्याही गाडीवर चढल्या.

पुढे त्या धुळ्याला परतल्या. दोन वर्षांपूर्वी तिथेच वारल्या. मी आजही हेच काम करतो, आणि चूक सापडली की लपवावीशी वाटत नाही. त्यांची आठवण आली की ती संध्याकाळ दिसते: रिकाम्या गाडीच्या कडेला मॅडम टेकलेल्या, हात चिखलाने भरलेले, म्हणून आबा त्यांच्या ओंजळीत वरून तांब्याने पाणी ओतताहेत.