ईईजीमध्ये न दिसणारी भीती

मी नांदेडला ईईजी काढते, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख. आज हिमायतनगरकडची एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे. वाचलेलं डोक्यात शिरत नाही म्हणते. परवा वर्गात चक्कर येऊन पडली.

आईनं निघताना तिच्या डोक्याला भरपूर तेल चोळलं होतं. तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाहीत.

"डोस्कं थंड ऱ्हावं म्हणून घातलं की ओ मॅडम!" असं म्हणत आई शाम्पू आणायला गेली.

मुलीनं हळूच विचारलं, "ताई, मी काय विचार करून राहिले ते यात दिसतं का?"

मला वाटलं, ती घाबरलीय. मी म्हणाले, "नाही, विचार दिसत नाहीत."

तिचा चेहरा पडला. "मग मला लातूरला न्हाई जायचं, हे आईला कसं कळंल? तुम्हीच सांगा ना."

तेवढ्यात आई शाम्पू घेऊन परत आली आणि मी मुलीला केस धुवायला पाठवलं.

आलेखात मला वावगं काही दिसलं नाही. आईनं विचारलं, "नॉर्मल हाय न्हवं? मंग उद्याच लातूरला सोडते हिला."

"डॉक्टर सांगतील," एवढंच मी म्हणाले.

भीती आणि विचार मेंदूत वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात, भीतीत वाचलेलं डोक्यात टिकत नाही, असं संशोधक सांगतात. माझ्या आलेखात त्यातलं काही उमटत नाही. रिपोर्ट उद्या सकाळी मिळेल. तो नॉर्मल आला, तर तिचं कोण ऐकणार?

त्याआधी डॉक्टरांशी बोलू, की थेट आईशी? तुम्ही काय कराल?